सीओईपी की व्हीजेटीआय? लेकीसाठी कॉम्प्युटरचा पहिला पर्याय कोणता टाकावा

सिन्नरकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या लेकीला यंदा एमएचटी-सीईटीत चांगले गुण पडले. मेरिट नंबर बघून क्लासचे सर म्हणाले, "पुण्याचं सीओईपी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय, दोन्हीकडे कॉम्प्युटर मिळण्यासारखं आहे. वर कोणतं टाकायचं ते तुम्ही घरी ठरवा." आणि तेच घरी ठरत नाहीये. आठ दिवस झाले, जेवायला बसलो की हाच विषय.

मी मुसळगाव एमआयडीसीत नोकरीला, स्वतः आयटीआय टर्नर. इंजिनिअर आजवर साहेब म्हणूनच पाहिले, त्यामुळे कॉलेजातलं मला काही कळत नाही. तिचा मामा चिंचवडला असतो. तो म्हणतो, पुण्याला पाठवा, माझ्याकडेच राहील, मेट्रोने थेट शिवाजीनगर. माझा भाऊ डोंबिवलीला. तो म्हणतो, मुंबईसारख्या संधी पुण्यात नाहीत, आमच्याकडे राहील. दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांनाही दुखवायचं नाही.

लेकीबद्दल एक सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. गेल्या वर्षी कंपनीत नोटीस लावायची होती. 'दुसऱ्या पाळीच्या कर्मचाऱ्यांनी' असं टाइप करायचं, तर छापून आलं 'दुसर्या पाळीच्या कर्मचार्यांनी'. सगळीकडे डोक्यावर रफार. तीनदा काढली, तीनदा तेच. मी कागद घरी आणला. तिने जुन्या लॅपटॉपवर दोन तास खटपट केली आणि मला दाखवलं की आपला 'दऱ्या'तला र आणि 'दर्या'तला र कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे आहेत. त्या पहिल्या र ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे, ०९३१. तो वापरला की अक्षर बरोबर उमटतं. पुढचे कित्येक दिवस ती त्याच नादात होती, फाँट म्हणजे काय, जोडाक्षर कोण जुळवतं. लॅपटॉपवर विंडोज काढून उबुंटू टाकलंय. तिला हेच शिकायचंय, एवढं मला कळतं.

जाणकारांनी सांगा. पॅकेजचे आकडे यूट्यूबवर भरपूर ऐकले, त्यांनी डोकं जास्तच गरगरलं.

संगमघाट

दादा, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन. मी सीओईपीचा, कॉम्प्युटरचाच. त्यामुळे माझं झुकतं माप कुठे असेल ते ओळखून वाचा.

तुमच्या मनात असेल-नसेल, पण पालक हमखास विचारतात म्हणून सांगतो. सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र राज्य विद्यापीठ आहे. पूर्वी आमच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव असायचं, आता सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाचं असतं. विधिमंडळाच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ आहे, पदवी सगळीकडे चालते. संस्था तर १८५४ पासूनची आहे. विश्वेश्वरय्या इथलेच.

आता तुमच्या लेकीचं. र ची गोष्ट वाचून मी बायकोला हाक मारून वाचून दाखवली. ज्या मुलीला 'असं का उमटतं' हा प्रश्न झोपू देत नाही, तिला त्याच प्रश्नात रमणारी चार पोरं भेटायला हवीत. आमच्याकडे फ्री सॉफ्टवेअरवाल्यांचा एक गट आहे, कॉफसग म्हणतात. माझ्या वेळी मी लिनक्स वर्गात कमी आणि त्या गटात जास्त शिकलो. कोणीतरी सीनिअर शेजारी बसून तुमच्या मशीनचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करायला लावायचा, रात्री ते बूट व्हायचं नाही, सकाळी पुन्हा बसायचं.

दुसरं म्हणजे आमच्या पोरांनी उपग्रह केला. 'स्वयम्' नाव, वजन जेमतेम किलोभर, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. पोरांच्या एकामागून एक तुकड्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. सुरू करणारे वेगळे, उडताना पाहणारे वेगळे. तिथे संगणकवाल्यांनाही भरपूर काम होतं. हे कुठल्याच कोर्सच्या मार्कांत बसत नाही.

आणि मामांकडे राहण्याचं म्हणाल तर, राग मानू नका, पण होस्टेल मिळत असेल तर होस्टेलच घ्या.

पाचबाग

व्हीजेटीआयची बाजू कोणीतरी मांडायला हवी, मी मांडते. २०१० नंतरची बॅच, कॉम्प्युटर, आता मुलुंडला राहते.

संस्था १८८७ ची, माटुंग्याच्या जागेत १९२३ पासून. जुन्या लोकांना व्हिक्टोरिया ज्युबिली माहीत असेल, १९९७ पासून वीरमाता जिजाबाई. ती स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या, पदवी मुंबई विद्यापीठाची. त्यातही काळजीचं काही नाही.

संगमघाट म्हणतात तसा वेड्यांचा गट आमच्याकडेही आहे. रोबोटिक्सवाल्यांची सोसायटी, सगळे एसआरए म्हणतात. मी कॉम्प्युटरची असून सोल्डरिंग तिथे शिकले. दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो करायचा होता. कोड बरोबर होता, तरी तो दर वेळी तोंडावर आपटायचा. तीन आठवड्यांनी कळलं की सेन्सर ढिला बसलाय आणि मोटरच्या थरथरीने चुकीचे आकडे देतोय. नुसता स्क्रीन बघणाऱ्याला हे कधीच सापडलं नसतं.

मुंबईचं म्हणाल तर फायदा खरा आहे, पण भाऊ सांगतात तसा आपोआप मिळत नाही. तुमच्या लेकीला भाषेच्या कामात रस दिसतो. मराठी शब्दबंध, म्हणजे मराठी वर्डनेट, शब्दांच्या अर्थांचं एकमेकांशी नातं दाखवणारा कोश, आयआयटी मुंबईत तयार झाला. पवई माटुंग्याहून लांब नाही. पण तिथल्या प्राध्यापकांना मेल करायचं, उत्तर आलं नाही की पुन्हा करायचं, हे तिलाच करावं लागेल.

पावसाळ्याचंही आधीच सांगते, नंतर धक्का नको. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटला पाणी भरतं. दरवर्षी एक-दोन दिवस गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. होस्टेल आवारातच असल्याने तिथे राहणाऱ्यांना त्रास कमी. डोंबिवलीहून रोज? नको. अजिबात नको.

लेकीची_आई

डोंबिवलीचा विषय निघालाच आहे, तर माझं ऐका दादा. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते या दोन्हींपैकी नाही.

माझ्या मुलीला चांगलं कॉलेज मिळालं. होस्टेलला नंबर लागला नाही आणि आम्ही म्हटलं, आत्या आहे ना, तिच्याकडे राहील. आत्याने पोटच्या पोरीसारखं केलं, त्यात तिळमात्र खोट नाही. पण घर ते कॉलेज एका बाजूला पावणेदोन तास. पोर सकाळी सहाला बाहेर, संध्याकाळी साडेसातला आत. कॉलेजच्या कोडिंग क्लबची बैठक सहाला असायची. ती पहिल्या वर्षात दोनदा गेली. दुसऱ्यांदा घरी पोहोचायला साडेदहा झाले. आत्या गॅलरीत उभी, आतेभाऊ स्टेशनवर घ्यायला गेलेला. पुन्हा ती कधी थांबली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं, तिलाच बरं वाटेना.

गुण चांगले पडले, नोकरीही लागली. पण तिसऱ्या वर्षी एकदा म्हणाली, "आई, वर्गातले सगळे एकमेकांना ओळखतात, मी फक्त हजेरीपटात आहे." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. होस्टेलसाठी आम्ही अजून जोर लावायला हवा होता. ते राहून गेलं.

तुम्ही दोन कॉलेजांची तुलना करताय. माझ्या मते संध्याकाळी पाच ते नऊ ती कुठे असेल, ते आधी बघा.

हिंजवडीतला

+१. वरच्या ताईंनी मुद्द्याचं सांगितलं.

भरतीवाला

पुण्यातल्या कंपनीत आहे, दरवर्षी नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. दादा, पॅकेजने डोकं गरगरतं म्हणालात, म्हणून तेवढंच सांगतो.

समजा दहा मुलं आहेत. नऊ जणांना ८ लाख, एकाला ५२ लाख. सरासरी निघते १२.४ लाख. कॉलेज सांगणार सरासरी १२.४, यूट्यूबवाला सांगणार ५२, आणि दहातल्या नऊ पोरांच्या हातात ८. म्हणून कोणीही आकडा सांगितला की मीडियन विचारा, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर मधल्याला किती. मग विचारा, टक्केवारी कोणातली? शाखेतल्या सगळ्या मुलांची, की प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांचीच? आणि तो आकडा कॉम्प्युटरचा की सगळ्या शाखांचा एकत्र? शिवाय सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये, जॉइनिंग बोनस, चार वर्षांत मिळायचे शेअर्स, ग्रॅच्युइटी असं सगळं धरलेलं असतं. महिन्याला खात्यावर जमा होतं ते वेगळं.

ही दोन्ही कॉलेजं असली की अर्ज बाजूला पडत नाही. आमच्यासाठी फरक तिथे संपतो. पुढे मी एकच विचारतो, "तू स्वतः केलेलं आणि बिघडलेलं काहीतरी सांग." तुमची लेक हा कर्मचाऱ्यांच्या र चा किस्सा सांगेल तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकेन.

प्रत्यक्ष जाऊन बघणार असाल तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला काय केलं? काही ठिकाणी शेड्युलिंगची गणितं वहीत सोडवून घेतात. काही ठिकाणी एमआयटीने शिकवण्यासाठी केलेली एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम हातात देतात, ती उघडायची, त्यात स्वतःचा सिस्टिम कॉल घालायचा. कंपायलर आणि नेटवर्कचंही तसंच विचारा. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये विषयांची नावं सगळीकडे सारखीच असतात.

गणिताचे_सर

पर्यायांचा क्रम लावताना दरवर्षी मुलं फसतात, म्हणून लिहितो. सिन्नरकर, हे लेकीला शेजारी बसवून वाचा.

पहिली गोष्ट. वरचा पर्याय अवघड असला म्हणून खालचा हातचा जात नाही. यंत्रणा मेरिट नंबरने एकेकाला घेते आणि त्याची यादी वरून खाली तपासते. पहिल्यात जागा नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा. त्यामुळे 'मागच्या वर्षी कटऑफ जास्त होता म्हणून खाली टाकतो' हा हिशेब चुकीचा. जे खरोखर जास्त हवं ते वर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठतो, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही मिळाला तरी गोठतो. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे पहिल्या तीन ओळींत असं काही घालू नका, जे मिळाल्यावर घरात रडारड होईल. यंदाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, नियम बदलत असतात.

तिसरी, कटऑफ बघताना रकाना बघा. 'जी'ने सुरू होणारे सर्वसाधारण, 'एल'ने सुरू होणारे मुलींसाठीच्या ३० टक्के आरक्षणाचे. अनेक पालक मुलीसाठीही 'जी'चा रकाना बघून खचतात.

आणि फी. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असाल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. होस्टेल आणि मेस त्यात नाही. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा. तहसीलला ऐनवेळी किती गर्दी होते ते तुम्हाला सांगायला नको.

सिन्नरकर

सर्वांचे आभार. सरांचं उत्तर तर आम्ही दोघांनी वहीत उतरवून घेतलं. आम्ही ओबीसीत आहोत, दाखल्यांना कालच लागलो.

ताई, तुमच्या मुलीचं ते वाक्य मी घरात वाचून दाखवलं. बायको बराच वेळ गप्प होती. मग तिनेच भावाला फोन केला आणि सांगितलं, पोर होस्टेलला राहील, रविवारी तुझ्याकडे जेवायला येईल. डोंबिवलीला मी बोललो. दोघांनीही समजून घेतलं.

आता दोन्ही कॉलेजं बघायला निघतो. दोन दिवसांची रजा टाकली आहे.

पाचबाग

दादा, माटुंग्याला याल तेव्हा लेकीला एकटीलाच आत पाठवा. तुम्ही बाहेर चहा घ्या. पालक सोबत असले की सीनिअर मुलं मोकळं बोलत नाहीत.

सिन्नरकर

जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो.

आधी पुणे. सिन्नरहून एसटीने वाकडेवाडी, तिथून रिक्षा. दगडी इमारत बघून लेक एकदम गप्प झाली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिला एकटीला आत सोडलं. अर्ध्या तासात येते म्हणालेली, अडीच तासांनी आली. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली होती. तिने लॅपटॉप उघडून दाखवला, हिने आपला उबुंटूचा दाखवला, मग दोघी तिथेच पायऱ्यांवर बसल्या. येताना बसमध्ये नारायणगावपर्यंत बोलत होती.

मुंबईला नाशिकरोडहून पंचवटीने गेलो, दादरला उतरलो. पाऊस ठरवून यावा तसा आला. माटुंग्यापर्यंत चपला हातात. मी मनात म्हटलं, झालं, आता पुणंच. पण आत गेली आणि तिथेही दीड तास. बाहेर आली तेव्हा तिने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दोन चाकांचा रोबो, एक पोरगा बोटाने ढकलतोय आणि तो मागे-पुढे होऊन पुन्हा सरळ उभा. हा कसा उभा राहतो ते तिला सांगता येईना आणि त्याचंच तिला राहून राहून नवल वाटत होतं.

रात्री घरी विचारलं, काय ठरवलंस? म्हणाली, "बाबा, पुण्यात मला जे आवडतं ते खूप करायला मिळेल. मुंबईत मला जे अजिबात येत नाही ते समोर दिसलं. मला व्हीजेटीआय वर टाकायचंय."

खरं सांगतो, माझ्या मनात पुणं होतं. सिन्नरहून एका बसचं अंतर. तोंडावर आलं होतं, बोललो नाही. फॉर्म तिने स्वतः भरला. एक, व्हीजेटीआय कॉम्प्युटर. दोन, सीओईपी कॉम्प्युटर. तीन, व्हीजेटीआय आयटी. पुढे बाकीचे.

संगमघाट

दादा, मी सीओईपीचा असूनही सांगतो, पोरीने योग्य कारणाने ठरवलं. तिला माझा आशीर्वाद सांगा.

भरतीवाला

दोन्हीकडे एक्सव्ही६ चं विचारलं का?

सिन्नरकर

विचारलं म्हणते. उत्तरं तिने वहीत लिहून घेतली आहेत, मला त्यातलं काही कळलं नाही. तिला कळलं.

सिन्नरकर

पहिल्या फेरीची यादी लागली. सीओईपी कॉम्प्युटर मिळालं, म्हणजे दुसरा पर्याय. पहिला नसल्याने गोठलं नाही. सर, जागा स्वीकारून दुसऱ्या फेरीसाठी थांबायचं ठरवलं आहे. बरोबर ना?

गणिताचे_सर

बरोबर. जागा स्वीकारायची शेवटची तारीख आणि वेळ मात्र चुकवू नका, चुकली तर हातातली जागा जाते. आणि दुसऱ्या फेरीत हेच राहिलं तर ते पहिल्या तिनांत असल्याने गोठेल, तेही तिला आत्ताच सांगून ठेवा.

सिन्नरकर

दुसरी फेरी लागली. सीओईपीच राहिलं, गोठलं.

तिने यादी पाहिली, मिनिटभर काही बोलली नाही. मग पायऱ्यांवर भेटलेल्या त्या मुलीला मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं, होस्टेलचा फॉर्म कधी भरायचा आणि सोबत काय काय आणायचं याची यादीच. त्यात सोल्डरिंग गनही होती. हिने काही विचारण्याआधीच तिने लिहिलं होतं की सर्किटची कामं करणारी पोरं इथेही आहेत, ओळख करून देते.

पाचबाग ताई, लेकीने तुम्हाला सांगायला सांगितलंय की सेन्सर ढिला होता की नाही ते ती आधी तपासेल.

सोमवारी सकाळची सहाची बस आहे. मामा वाकडेवाडीला घ्यायला येणार. लॅपटॉपच्या कळफलकावर तिने कागदाचे छोटे तुकडे कापून मराठी अक्षरं चिकटवली आहेत. ऱ कुठे बसवला ते मला काल दाखवत होती.